भांडी नकोत, पाकीट चालेल: कोल्हापुरात हे कसं सांगायचं

लग्न ठरलं की कोल्हापुरात चार प्रश्न ठरलेले असतात. हॉल कुठला, जेवणात काय, बस्ता कुठं बांधायचा आणि पत्रिका कधी वाटायच्या. पाचवा प्रश्न हल्लीची मुलं-मुली जरा हळू आवाजात विचारतात. घरात मिक्सर आहे, दोन कुकर आहेत, डिनर सेट खोक्यातून बाहेरसुद्धा निघालेला नाही. त्यापेक्षा लोकांनी रोख दिली तर नव्या घराच्या डिपॉझिटला उपयोग होईल. पण हे लोकांना सांगायचं कसं?

रोख आहेर इथं नवा नाही. एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट, आत १०१, २५१, ५०१ किंवा १००१, हे आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. खेड्यात टॉवेल-टोपी आणि साडीच्या जोडीनं रोख आहेर करायची रीतही जुनीच. देणं जुनं आहे, पण तोंडानं मागणं कधीच नव्हतं आणि आजही ते कुणाला रुचत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या सूचना एकाच धोरणानं दिल्या आहेत. ज्यानं 'काय आणू?' असं विचारलं, त्याला मोकळेपणानं रोख सांगावी. ज्यानं विचारलं नाही, त्याच्यावर एका रुपयाचंही ओझं पडू देऊ नये. ज्यांचं स्वतःचं लग्न आहे आणि ज्यांच्या घरात पहिलंच कार्य निघालं आहे, त्या दोघांसाठी हे लिहितो आहे.

आधी घरातली जुनी वही काढा

बहुतेक घरांत कपाटात किंवा ट्रंकेत आहेराची एक वही असते. थोरल्या बहिणीच्या नाहीतर काकांच्या लग्नातली. नाव, गाव आणि पुढं रक्कम किंवा वस्तू. आई-बाबांबरोबर बसून ती एकदा वाचा. कुठल्या मावशीनं काय दिलं, कुणाच्या वास्तुशांतीला आपण काय नेलं, कुणाचं देणं अजून राहिलं आहे, हे आईला वही न बघताही सांगता येतं. तुमच्या लग्नात येणारा बराचसा आहेर म्हणजे आई-बाबांनी गेली वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांत, बारशांत आणि वास्तुशांतींत जे केलं, त्याची परतफेड असते. आणि तुम्हाला मिळालेल्या आहेराची परतफेड करायला पुढची कित्येक वर्षं बहुधा तेच जाणार असतात.

म्हणून 'लग्न माझं, तर आहेर कसा घ्यायचा ते मी ठरवणार' असं धरून चालू नका. त्यांच्याशी आधी बोला, आणि पत्रिका छापायला टाकायच्या आधी बोला. रोख कुणाकडे जाणार, हे तिथंच स्पष्ट करा. काही घरांत आहेराची रक्कम हॉलचं आणि केटररचं बिल भागवायला जाते, काही घरांत ती नवरा-नवरीच्या हातात दिली जाते, काही ठिकाणी निम्मी-निम्मी. यातलं काहीही चालेल, पण लग्नाच्या रात्री पाकिटं फोडताना हा विषय पहिल्यांदा निघता कामा नये. आणि कृपा करून आहेराच्या भरवशावर केटररला शब्द देऊ नका. किती येईल याचा अंदाज कुणाचाच बरोबर येत नाही. बिलाची तजवीज आपल्या खिशातूनच झालेली असावी.

साधारण रीत अशी की नवरीकडच्या पाहुण्यांचा आहेर नवरीच्या घरी आणि नवऱ्याकडच्यांचा नवऱ्याच्या घरी. नवरीला म्हणून जे दिलं जातं, ते दागिने असोत की रोख, कायद्यानं तिचं स्त्रीधन आहे. सासरच्यांनी ते 'सांभाळायला' घेतलं तरी मालकी तिचीच राहते. तिच्या नावानं आलेली पाकिटं तिच्याच हातात द्यायची, हे दोन्ही घरांनी आधी मान्य करून ठेवावं.

आणखी एक गोष्ट आईशी बोलायची, ती मानपानाची. पाहुण्यांनी साडी-टॉवेल आणू नये असं आपल्याला वाटत असेल, तर आपण काय वाटणार आहोत हेही बघायला हवं. देण्याघेण्याच्या साड्या या घरातून त्या घरात फिरत राहतात आणि घडी कुणीच मोडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आपण पाकीट घ्यायचं आणि हातात तसलीच साडी ठेवायची, हे मला तरी योग्य वाटत नाही. जवळच्या चार-सहा जणींना नेसता येईल अशी चांगली साडी घ्या, मानकऱ्यांना फेटा बांधा आणि बाकीचं वाटप बंद करा. ते बंद केलं आहे हे पाहुण्यांना लग्नाआधीच कळू द्या, म्हणजे रुसवेफुगवे हॉलवर होणार नाहीत.

व्याह्यांकडे ही इच्छा पोहोचता कामा नये

हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. 'वस्तू नको, रोख द्या' हे वाक्य नवऱ्याकडून नवरीच्या आई-वडिलांकडे गेलं, तर त्याला आहेर म्हणत नाहीत, हुंडा म्हणतात. मग ते कितीही गोड शब्दांत असो, मध्यस्थामार्फत असो, की 'फर्निचरऐवजी तेवढेच पैसे द्या' अशा हिशेबी स्वरूपात असो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार हुंडा घेणं आणि देणं या दोन्हींना किमान पाच वर्षांची शिक्षा आहे आणि नुसती मागणी करणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. मागणी न करता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे दिलेल्या भेटींना या कायद्यात मोकळीक आहे. मात्र त्यांची यादी ठेवावी लागते. १९८५ च्या नियमांप्रमाणे त्या यादीत वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातेवाईक असेल तर नातं लिहायचं, आणि वधू-वरांनी सह्या करायच्या. आपली आहेराची वही नीट ठेवली तर ही यादी निम्मी तयारच होते.

तेव्हा रोखीचा विषय फक्त आपापल्या पाहुण्यांपुरता ठेवा. नवऱ्याच्या मित्रांना काय सांगायचं ते नवऱ्यानं बघावं, नवरीच्या मैत्रिणींना काय सांगायचं ते नवरीनं. दोन्ही घरांचा मिळून एक मेसेज काढून तो सगळीकडे फिरवला, तर तो सोयऱ्यांच्या ग्रुपवर जाणार हे नक्की. आणि तिथं तो कोण कसा वाचेल, हे आपल्या हातात राहत नाही.

कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही

पाहुण्यांची यादी हातात घ्या आणि एकेका गटाचा वेगळा विचार करा. सगळ्यांना एकच वाक्य चालत नाही.

मामा, आत्या, मावशी, काका यांचा आहेर मानाचा असतो. मामानं भाचीला आणलेली साडी, आत्यानं आणलेली समई, कानपिळीच्या वेळी मेहुण्याला मिळणारा पोशाख किंवा अंगठी, हे पैशात बदलायला सांगू नका. त्यांनीही आढेवेढे न घेता 'अगं, तुला काय उपयोगाचं आहे ते सांग की' असं विचारलं, तरच बोला. तेव्हाही शक्यतो आईनं किंवा थोरल्या बहिणीनं बोलावं. नवरीनं मामाला थेट 'पैसे दे' म्हणणं आणि आईनं भावाला 'तिला घरासाठी पैसे लागणार आहेत, बघ तुला काय जमतंय' म्हणणं, यांत फार फरक पडतो. काही वडीलधाऱ्यांना रोख द्यायला मनातून आवडतच नाही. पैसे खर्च होतात, वस्तू राहते, असं त्यांचं म्हणणं असतं आणि ते खोटं नाही. त्यांना टिकणारं काहीतरी सुचवा: गुजरीतून एखादा छोटा दागिना, हुपरीचे पैंजण, चांदीचं निरांजन. ज्यांचा हात सैल आहे त्यांनाच सोनं-चांदी सुचवा, कारण आजच्या दरात ती लहान वस्तू राहिलेली नाही.

गावाकडची भावकी आणि पाहुणे यांना काहीही सांगायची गरज नसते. कागल, राधानगरी, शिरोळ, गडहिंग्लज, कुठलंही गाव घ्या, तिथला माणूस रीत म्हणून पाकीट घेऊनच येतो. त्याला 'रोख आणा' म्हणणं म्हणजे तो करणार असलेल्या गोष्टीचा हुकूम सोडणं. शिवाय गावाकडं हातात पैसा येतो तो उसाच्या बिलाला आणि दर दहा दिवसांनी दुधाच्या बिलाला. लग्न नेमकं बिल यायच्या आधी पडलं, तर घरात पडून असलेली साडी किंवा तांब्या-पेला घेऊन येणं त्याला परवडतं. त्याचा तो पर्याय काढून घेऊ नका.

मित्र आणि तालमीतली पोरं यांच्याशी सगळ्यांत मोकळं बोलता येतं. कोल्हापुरात मित्र एकेकटे आहेर करत नाहीत, वर्गणी काढतात. वर्गणीतून मग फ्रीज येतो, टीव्ही येतो, किंवा भलामोठा फोटोफ्रेमचा सेट येतो आणि तो ठेवायला घरात भिंत नसते. ही वर्गणी कोण गोळा करणार हे आधीच ओळखा आणि त्या एकाच मित्राला सांगा: 'भावा, वस्तू घेऊ नका. जे जमलं असेल ते पाकिटात घालून द्या, आम्ही घराच्या डिपॉझिटला वापरू.' बाकीच्यांपर्यंत तो पोहोचवेल. आणि फ्लेक्सवर होणारा खर्चही याच वेळी थांबवता आला तर बघा, पैसा तिथंही बराच जातो.

ऑफिसातले, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले सहकारी, पतसंस्थेतली मंडळी, भिशीच्या बायका हे सगळे वर्गणीतलेच गट. तिथंही एकाच माणसाशी बोलायचं. साहेबांशी कधीच नाही, बरोबरीच्या सहकाऱ्याशी. आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांच्या कानावर हा विषय जाऊच देऊ नका. त्यांना ती सक्ती वाटते, मग तुमच्या मनात तसं असो वा नसो.

पुण्या-मुंबईचे आणि परदेशातले मित्र स्वतःहून विचारतात आणि त्यांना सरळ उत्तरच आवडतं. येणं जमत नाही म्हणून ते ऑनलाइन वस्तू पाठवायच्या बेतात असतात. त्यांना लवकर सांगितलेलं बरं.

राहिली ती माणसं, ज्यांच्यासाठी १०१ रुपयेसुद्धा मोठी रक्कम आहे. घरकामाला येणारी मावशी, शेतावर राबणारं कुटुंब, गल्लीतला रिक्षावाला, बाबांचा जुना मदतनीस. यांना पत्रिका देताना तोंडानं सांगा की आहेर-बिहेर काही आणायचं नाही, सगळ्यांनी मिळून जेवायला यायचं. नुसतं पत्रिकेवर छापून हे होत नाही, कारण छापलेलं वाक्य कुणी खरं धरत नाही. त्या घरातल्या बाईला आईनं हात धरून सांगितलं, तर ती निर्धास्त येते. हे एवढं केलं नाही तर रोख मागण्याचा बाकीचा सगळा खटाटोप मला चुकीचा वाटतो.

पत्रिकेवर काय छापायचं

'रोख आहेर स्वीकारला जाईल' असं पत्रिकेवर कधीच छापू नका. खात्याचा नंबर किंवा क्यूआर कोड तर अजिबातच नको. पत्रिका देवापुढं ठेवली जाते. पहिली पत्रिका अंबाबाईला किंवा जोतिबाला देतात. तिच्यावर बँकेचा तपशील कुठल्याही वडीलधाऱ्याच्या डोळ्याला खुपतो.

दोन ओळी चालतात आणि त्यांचे अर्थ वेगळे होतात. 'कृपया आहेर आणू नये' असं छापलं, की रोखही नको असा त्याचा अर्थ होतो. मग तो शब्द पाळावा लागतो, टेबल मांडून वही उघडून बसता येत नाही. 'कृपया भेटवस्तू आणू नयेत, ही नम्र विनंती' असं छापलं, तर पाकिटाची वाट मोकळी राहते आणि मागितलं असंही होत नाही. रोख हवी असणाऱ्यांनी ही दुसरी ओळ छापावी. ती पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात असावी, 'आपली उपस्थिती हाच आशीर्वाद' या ओळीच्या खाली.

ज्यांना खरोखरच काही नको असतं, त्यांच्यासाठी कोल्हापुरात एक चांगली परंपरा आहे. शाहू महाराजांच्या पाठबळानं १९११ साली इथं सत्यशोधक समाज उभा राहिला आणि साधेपणानं, कमी खर्चात लग्न लावण्याची रीत त्यातून रुजली. त्या वळणाची घरं आजही आहेराऐवजी एखाद्या वसतिगृहाला किंवा वाचनालयाला मदत करा असं सांगतात. तसं करायचं असेल तर संस्थेचं नाव आधी ठरवा, तिच्याकडून पावतीपुस्तक घेऊन टेबलावर ठेवा आणि पावती देणाऱ्याच्या नावानं फाडा. 'समाजकार्यासाठी' म्हणून पाकिटं घ्यायची आणि नाव न सांगता नंतर बघू म्हणायचं, असं करू नका.

'काय आणू?' याला काय उत्तर द्यायचं

हा प्रश्न फोनवर येतो, केळवणाला येतो, बस्ता बांधताना दुकानात येतो. उत्तर तयार हवं. नाहीतर आपण 'काही नको हो' म्हणतो आणि समोरचा सहावा कुकर आणतो.

पहिल्यांदा विचारल्यावर लगेच रोख म्हणू नका. आपल्याकडं एकदा नको म्हणायची रीत आहे. 'तुम्ही लवकर या, हळदीपासून या' म्हणा. दुसऱ्यांदा विचारलं तर ते मनापासून विचारत आहेत. तेव्हा कशासाठी हवे आहेत ते सांगून बोला.

मावशी म्हणते, 'मी काय आणू सांग की. भांड्यांचा सेट बघून ठेवलाय.' त्यावर म्हणायचं, 'मावशी, भांडी घरात लई झाल्यात बघ. आम्ही पुण्याला भाड्याचं घर बघतोय, तिथं सुरुवातीला खर्च हाय. तुला द्यायचंच असलं तर त्याला हातभार लाव. नाहीतर तू आलीस तरी बास.' हे बोलणं चालतं, कारण त्यात वस्तू का नको ते आहे, पैसे कुठं जाणार ते आहे, आणि न देण्याची मोकळीकही आहे. यातलं एक जरी गळलं तर वाक्य कोरडं होतं.

पैसे कशासाठी हवेत तेही माणूस बघून सांगा. घराचं डिपॉझिट, फर्निचर, गाडीचा हप्ता, नवरीचं पुढचं शिक्षण, हे वडीलधाऱ्यांना पटतं. फिरायला जायचं आहे हे मित्रांना सांगा, आजोबांना नको. मात्र जे सांगाल तेच करा. घरासाठी म्हणून घेतलेले पैसे फिरण्यावर उडवले, तर ते फोटो मोबाइलवर सगळे बघतात.

लिहून विचारणाऱ्या मित्राला एवढं पुरे: 'विचारलंस हेच खूप आहे. घरात सामान सगळं आहे, त्यामुळे वस्तू नको. द्यायचंच असेल तर नव्या घराच्या खर्चाला मदत होईल असं काहीतरी दे, जमेल तेवढं. पण १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त आहे, अक्षता टाकायला वेळेवर ये.' वेळ अर्थातच तुमची घाला.

रक्कम कधीच सांगू नका. 'साधारण किती?' असं कुणी खोदून विचारलं तरी 'तुमच्या मनाला येईल ते' एवढंच म्हणा. ताटाला हॉलवाला किती घेतो, हा आकडा पाहुण्यांच्या कानावर जाता कामा नये. जेवणाच्या दराशी आहेराची तुलना करणं ही आपली रीत नाही. पंगतीत बसलेल्याला आपण पाहुणा म्हणतो. आणि एकदा सांगून झालं की पुन्हा आठवण नाही.

क्यूआर कोड वापरायचा असेल तर

तरुण पाहुण्यांकडे हल्ली सुट्टे नसतात आणि पाकीटही नसतं. त्यांच्यासाठी क्यूआर कोड ठेवायला हरकत नाही, फक्त जागा बघून. आहेराच्या टेबलावर, वहीशेजारी, हाताच्या पंजाएवढा छापील कागद ठेवा. स्टेजच्या मागं, स्वागताच्या कमानीवर, जेवणाच्या रांगेत नको. फोटोत तो येता कामा नये. टेबलावरच्या माणसानंही 'स्कॅन करता का?' असं विचारू नये. ज्याला हवं आहे तो स्वतः बघतो.

कोड नवरा किंवा नवरी यांच्या स्वतःच्या खात्याचा असावा, भावाच्या दुकानाचा नको. दुकानाच्या खात्यात पैसे गेले की धंद्याच्या हिशेबात मिसळतात आणि मग निस्तरत बसावं लागतं. आदल्या दिवशी दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवरून एक-एक रुपया पाठवून बघा आणि स्क्रीनवर नाव बरोबर येतं का ते तपासा. पैसे पाठवणाऱ्याला शेऱ्यात आपलं नाव आणि गाव लिहायला सांगा, नाहीतर रात्री नुसते आकडे दिसतात आणि माणूस कळत नाही.

कोडचा फोटो ग्रुपवर टाकू नका. विचारणाऱ्यालाच खासगीत पाठवा. लग्नपत्रिकेच्या नावाखाली मोबाइलमध्ये घुसणारी एपीके फाइल पाठवून लोकांना लुटण्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून आपली डिजिटल पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणूनच पाठवा आणि सोबत एक ओळ लिहा की आम्ही कुठलंही ॲप डाउनलोड करायला सांगितलेलं नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे टेबलावर बसणाऱ्या पोरालाही सांगून ठेवा.

टेबलावर कोण बसणार

दोघं हवेत. एक लिहिणारा, एक पाकिटं ठेवणारा. लिहिणारा माणूस अक्षर चांगलं असलेला, निवृत्त शिक्षक किंवा बँकेतले काका असतील तर उत्तम. ज्याला सतत फोटोसाठी स्टेजवर बोलावलं जातं असा सख्खा भाऊ नको. दोन्ही घरांची दोन वेगळी टेबलं आणि दोन वह्या ठेवा.

पाकीट समोर फोडायचं नाही. वरचं नाव वहीत उतरवायचं, त्यावर क्रमांक टाकायचा आणि पेटीत ठेवायचं. काही गावांत माइकवरून आहेर पुकारायची पद्धत आहे: अमुक पाहुण्यांकडून नवऱ्या मुलाला इतके रुपये. ज्यानं कमी दिलं तो मान खाली घालतो आणि ज्यानं जास्त दिलं त्याला पुढच्या वेळी कमी करता येत नाही. रोख आहेर हवा असेल तर हे पुकारणं बंद करायला घरच्या थोरांना आधीच राजी करा.

नाव लिहून घेताना गाव आणि नातं विचारा. कोल्हापूर जिल्ह्यात नुसतं 'पाटील' लिहिलेल्या पाकिटावरून माणूस शोधणं अशक्य आहे. पूर्ण नाव, गाव, आणि 'मुलाच्या मामाकडचे' किंवा 'बाबांच्या कारखान्यातले' असं काहीतरी. टेबलावर चार-पाच कोरी पाकिटं आणि पेन ठेवा, कुणी मोकळ्या नोटा घेऊन आला तर त्याची पंचाईत होत नाही.

पेटी कधीही एकटी ठेवू नका. मंगलाष्टका सुरू झाल्या की सगळे अक्षता टाकायला पुढं धावतात आणि टेबल मोकळं राहतं. हॉलमधून दागिन्यांची आणि पैशांची पर्स पळवणारे नेमकी हीच वेळ साधतात. त्या दोघांनी अक्षता जागेवरूनच टाकाव्यात. जेवणाच्या पंगती सुरू व्हायच्या आधी पाकिटांची पिशवी घरच्या एका जबाबदार माणसाबरोबर गाडीतून घरी पाठवा आणि वहीत त्याची सही घ्या.

सांगूनही वस्तू आली तर

दोन्ही हातांनी घ्या. 'सांगितलं होतं की' असं शब्दांनी नाही आणि चेहऱ्यानंही नाही. फोटो काढा, वहीत लिहा. नको असलेली वस्तू पुढं कुणाला दिली तरी चालेल, पण आतली चिठ्ठी आणि खोक्यावरचं नाव काढून, आणि त्याच नात्यागोत्यात नको.

कराचं थोडक्यात

लग्नानिमित्त नवरा-नवरीला मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही, मग त्या नातेवाइकाकडून असोत की मित्राकडून, आणि रकमेला मर्यादा नाही. ही सवलत ज्यांचं लग्न आहे त्यांनाच आहे. आई-वडिलांच्या नावावर नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षात एकूण ५० हजारांपेक्षा जास्त भेट आली, तर ती त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणूनही क्यूआर कोड आणि भरणा वधू-वरांच्या खात्यातच असावा. एकाच माणसाकडून एका कार्यासाठी २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोखीत घेता येत नाहीत, तेवढीच रक्कम दंड म्हणून भरावी लागू शकते. एखादा काका मोठी रक्कम देणार असेल तर ती चेकनं किंवा बँकेतून घ्या. बँकेत भरणा करताना कुणी विचारलंच तर लग्नपत्रिका आणि आहेराची वही हाताशी असू द्या.

पाकिटं फोडल्यावर

पाकिटं फोडायला दोघांनी मिळून, आई-बाबांसमोर बसा. क्रमांकाप्रमाणे पाकीट उघडायचं, रक्कम वहीत लिहायची, ऑनलाइन आलेले पैसे वेगळ्या पानावर. शेवटी बेरीज करून दोघांच्या सह्या आणि तारीख. वर सांगितलेली यादी इथंच पूर्ण होते. एक प्रत नवरीच्या माहेरी, एक सासरी. कुणी किती दिलं यावर शेरे मारत बसू नका, घरात लहान मुलं ऐकत असतात आणि ती जाऊन सांगतात.

पूजा, गोंधळ, जोतिबाचं दर्शन आटोपलं की आभाराचे फोन सुरू करा. रकमेचा उल्लेख करायचा नाही, पण पैसे कुठं लागले ते जरूर सांगा: 'काका, डिपॉझिट भरलं, पुढच्या महिन्यात राहायला जातोय, तुम्ही यायचं.' वर्गणी गोळा करणाऱ्या मित्राला सगळ्यांची नावं विचारून घ्या आणि प्रत्येकाला एक ओळ स्वतः लिहा. ज्यांनी काहीच दिलं नाही त्यांनाही फोन करा, कुणालाही न वगळता.

वहीची एक प्रत करून मोबाइलवर ठेवली तरी मूळ वही जपा. ज्यांनी ५०१ दिले, त्यांच्या मुलीच्या लग्नाला कधी दहा वर्षांनी जाल तेव्हा ५०१ च नेऊ नका. तेवढ्या काळात भाव वाढलेले असतात, आणि परतफेड थोडी चढती करायची रीत आहे. त्यांनी वस्तू दिली असेल तर आधी त्यांना काय हवं ते विचारा. ज्यांच्या घरी लग्नाचं कुणी नाही, त्यांच्या वास्तुशांतीला, आजारपणात, म्हाताऱ्या आईच्या दवाखान्याच्या वेळी जा आणि तेव्हा पाकीट द्या.

लग्नाला येता आलं नाही म्हणून भेटायला येणारे पुढं दोन-तीन महिने येत राहतात. त्यांच्यासाठी टेबल नसतं आणि वही कपाटात गेलेली असते. त्यांनी जाताना हातात पाकीट ठेवलं तर त्याच दिवशी वहीत नोंद करा, नवऱ्याकडचे असोत की नवरीकडचे, आणि निघताना त्यांच्यातल्या बायकांना हळद-कुंकू लावून ओटी भरायला विसरू नका.